काटकसर कोणाची, उपास कोणाला?



सरकारच्या तिजोरीत खडखडाट झाला की शिक्षणखात्याच्या तोंडी एक शब्द हटकून येतो, तो म्हणजे काटकसर. शब्द मोठा सोज्वळ आहे. आपल्या आयाबहिणींनी तो जन्मभर पाळला असल्यामुळे त्याच्याविषयी आपल्या मनात आदरही आहे. परंतु घरातील काटकसर आणि सरकारी काटकसर या दोन भिन्न वस्तू आहेत. घरात जिच्या हाती भाकरीची टोपली असते, ती माउली प्रथम स्वतःचीच भाकरी कमी करते. सरकार दरबारी मात्र कात्री एकाच्या हाती असते आणि उपास घडतो तो दुसऱ्याला. ज्या घरातील पहिला मुलगा किंवा पहिली मुलगी आज महाविद्यालयाची पायरी चढत आहे, त्या घराने हा भेद नीट ओळखून ठेवला पाहिजे. कारण कात्री चालू लागली म्हणजे तिचा पहिला घाव त्याच पायरीवर बसतो.

याकरिता आज आपणांसमोर अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याचे उदाहरण ठेवीत आहे. सातासमुद्रांपलीकडची ही हकीकत आपणांस कशाला, असे कोणी विचारील. त्यास उत्तर असे की, गरिबांसाठी विनामूल्य उघडलेले दार वर्षानुवर्षे कसे अरुंद होत जाते, याचा चाळीस-पंचेचाळीस वर्षांचा सलग पुरावा तेथे सालवार सापडतो.

प्रथम ही संस्था काय आहे ते पाहू. तेथे ज्यास कम्युनिटी कॉलेज म्हणतात, ते म्हणजे आपापल्या गावच्या आणि पेठेच्या लोकांसाठी सार्वजनिक पैशावर चालणारे, दोन वर्षांच्या शिक्षणक्रमाचे महाविद्यालय. इलिनॉय राज्यात जॉलिएट येथे १९०१ साली अशा पहिल्या सार्वजनिक महाविद्यालयाचा आरंभ झाला. दुसऱ्या महायुद्धानंतर १९४७ साली राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांनी नेमलेल्या आयोगाने अशी महाविद्यालये देशभर पसरावीत अशी शिफारस केली, आणि कम्युनिटी कॉलेज हे नावही त्यानंतरच रूढ झाले. येथे गुणांची चाळण नसते. कॅलिफोर्नियात तर अठरा वर्षे पूर्ण झालेल्या आणि शिकून लाभ घेऊ शकणाऱ्या कोणालाही प्रवेश मिळावा, असे तत्त्वच आहे. दिवसा हॉटेलात भांडी घासणारा माणूस संध्याकाळी येथे हिशेब शिकतो; परदेशातून नुकतीच आलेली बाई इंग्रजीची मुळाक्षरे गिरवते; कोणी परिचारिका होतो, कोणी मोटारीचे काम शिकतो, आणि कोणी दोन वर्षे येथे काढून पुढे विद्यापीठात जातो. ही कल्पना आपणांस परकी वाटण्याचे कारण नाही. पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय काढले, तेव्हा सकाळी वर्ग भरवून नोकरी करणाऱ्या तरुणांची सोय केली होती. ज्याचे पोट दिवसाच्या मजुरीवर आहे, त्याला महाविद्यालय कितीही चांगले असले तरी त्याच्या वेळेला उघडे नसेल तर ते बंदच आहे, हे ज्याला कळले त्यालाच असे वर्ग सुचतात.

कॅलिफोर्नियात ही महाविद्यालये कित्येक दशके विनामूल्य होती. मग ती अडचणीत कशी आली? १९७८ च्या जून महिन्यात तेथील मतदारांनी तेरावा प्रस्ताव म्हणून प्रसिद्ध असलेली घटनादुरुस्ती मंजूर केली. घरे आणि जमिनी यांवरील कर मूल्याच्या एक टक्क्यावर आणि मूल्याची वार्षिक वाढ दोन टक्क्यांवर तिने बांधून टाकली. ज्यांच्या मालकीचे घर होते त्यांना हायसे वाटले. पण ही महाविद्यालये त्याच करावर जगत होती. आडातच पाणी आटले, तेथे पोहऱ्यात काय येणार? गावाच्या हातचा कारभार राज्याच्या राजधानीकडे गेला, आणि महाविद्यालयाने काय शिकवावे हेही तेथून ठरू लागले. १९८२ साली करमणुकीचे आणि छंदाचे वर्ग म्हणून काही विषयांची यादी काढून तीन कोटी डॉलर कापण्यात आले. १९८४ साली सर्व विद्यार्थ्यांवर पहिल्यांदाच फी बसली: युनिटमागे पाच डॉलर, आणि पूर्णवेळ विद्यार्थ्यास एका सत्राला फार तर पन्नास डॉलर. तेथे शिक्षणक्रम युनिटांत मोजतात. साधारण एक विषय म्हणजे तीन युनिटे.

केवळ पाच डॉलर! एवढ्याशा रकमेवरून आरडाओरड कशाला, असे त्या वेळी म्हणणारे पुष्कळ निघाले असतील. परंतु ज्या दिवशी विनामूल्य हे तत्त्व मोडले, त्या दिवशीच वाद संपला होता; पुढे राहिली ती केवळ घासाघीस. १९९१ साली पाचाचे सहा झाले, १९९३ साली दहा, २००४ साली सव्वीस, २०११ साली छत्तीस, २०१२ साली शेहेचाळीस. मध्यंतरी दोन-तीन वेळा दर थोडा उतरलाही, हे न्यायाने सांगितले पाहिजे. परंतु वाढीची ही साले पाहा: बहुतेक सर्व मंदीची किंवा मंदीच्या शेपटाची साले आहेत. म्हणजे ज्या वर्षी मजुराचे काम गेले, नेमक्या त्याच वर्षी त्याच्या शिक्षणाची किंमत वाढली. दुष्काळात तेरावा महिना म्हणतात तो हाच.

येथे विरोधकांचे दोन मुद्दे ऐकून घेतले पाहिजेत. पहिला असा की, फुकटची वस्तू माणसाला मोलाची वाटत नाही. हा मुद्दा आपल्याकडेही वारंवार ऐकू येतो, आणि बहुधा ज्यांच्या बापजाद्यांना विद्या फुकटच मिळाली त्यांच्याच मुखातून ऐकू येतो. दिवसभर राबून रात्री आठ वाजता वर्गात बसणारा माणूस त्या वर्गाची किंमत झोपेने मोजीत असतो. त्याच्याकडून डॉलर घेतल्याने त्या वर्गाचे मोल त्याच्या लेखी वाढते, असे मानण्यास कसलाही आधार नाही. दुसरा मुद्दा अधिक वजनदार आहे. फीबरोबरच १९८४ पासून गरिबांना फीमाफीची तरतूदही ठेवण्यात आली आणि फार मोठ्या संख्येने विद्यार्थी तिचा लाभ घेतात. मग गरिबाचे नुकसान ते काय? मी हा मुद्दा झटकून टाकीत नाही. माफी आहे, आणि ती खरी आहे. परंतु माफी ही अर्जावर मिळते, आणि हक्क अर्जावाचून असतो. अर्ज करण्याचा संकोच, कागदपत्रांची धास्ती आणि आपले उत्पन्न सिद्ध करीत बसण्याची मानहानी यांचा अनुभव आपल्या घरांतून नवा नाही. आणि फी माफ झाली तरी पुस्तक, बसभाडे व घरभाडे काही माफ होत नाही.

तथापि माझे खरे म्हणणे पुढेच आहे. फी हे लहान कुलूप. मोठे कुलूप डोळ्यांना दिसतच नाही. ते म्हणजे न भरलेला वर्ग.

२००८ च्या मंदीनंतर काय घडले ते पाहा. कारखाने आणि दुकाने बंद पडली, लाखो माणसे नवे काही शिकावे म्हणून या महाविद्यालयांच्या दारी आली, आणि त्याच वेळी राज्याने हात आखडता घेतला. चार वर्षांत या महाविद्यालयांच्या राज्य अनुदानात सुमारे दीड अब्ज डॉलरची घट झाली. विद्यार्थ्यांची संख्या सुमारे २९ लाखांवरून २४ लाखांवर उतरली. पाच लाख माणसे! त्यांना कोणी नापास केले नाही, कोणी काढून टाकले नाही. प्रवेश खुला तो खुलाच राहिला. फक्त उन्हाळ्याचे सत्र छाटले गेले, एका विषयाचे दहा वर्ग होते त्यांचे सात झाले, संध्याकाळचे झाले ते गेले. नावनोंदणीचा क्रम ठरलेला असतो. जुन्यांना आधी आणि नवख्यांना शेवटी. नवखा खिडकीपाशी पोहोचतो तोवर गणित भरलेले असते, इंग्रजी भरलेले असते. तो प्रतीक्षायादीत नाव घालतो, दोन आठवडे वाट पाहतो आणि कामावर परत जातो. महाविद्यालयात हजेरीपुस्तक असते, निकालपुस्तक असते. परत गेलेल्याचे पुस्तक कोठेही नसते. म्हणून वर्षाअखेरीस अहवालात मोठ्या समाधानाने लिहिता येते की, संस्थेने आर्थिक ताण उत्तम रीतीने सोसला.

कोणी सोसला? महाडच्या नगरपालिकेने १९२४ साली चवदार तळे सर्वांस खुले असल्याचा ठराव केला होता. ठराव कागदावर होता आणि ओंजळ कोरडीच होती. खुल्या प्रवेशाचा कागद आणि रिकामा न सापडणारा बाक यांचे नाते आपल्याला वेगळे समजावून सांगावयास नको.

दुसरी काटकसर शिक्षकांच्या जिवावर होते. या महाविद्यालयांतील पूर्णवेळ शिक्षक निवृत्त झाला की त्याची जागा भरावयाची नाही, तेच तास अर्धवेळ शिक्षकांना वाटून द्यावयाचे, ही तेथील जुनी रीत आहे. आज अमेरिकेतील कम्युनिटी कॉलेजांत बहुसंख्य शिक्षक अर्धवेळ आहेत. कॅलिफोर्नियाने १९८८ च्या कायद्यात पाऊणहिश्श्याइतके अध्यापन पूर्णवेळ शिक्षकांकडून व्हावे असे ध्येय लिहून ठेवले आहे. ते ध्येयच राहिले. उलट अर्धवेळ शिक्षकाला एका संस्थेत पूर्ण कामाच्या ६७ टक्क्यांपेक्षा अधिक तास सामान्यतः देता येत नाहीत. त्यामुळे तो सकाळी एका गावी, दुपारी दुसऱ्या गावी आणि रात्री तिसऱ्या गावी शिकवतो, आणि हमरस्त्यावर मोटार हाकण्यातच त्याचे आयुष्य जाते. अशा शिक्षकाला बसावयास खोली नसते. विद्यार्थ्याने शंका विचारावयाची कोठे? ज्याच्या घरी आईबाप शिकलेले आहेत, तो घरी विचारील. ज्याच्या घरी विचारण्यास कोणी नाही, त्याचा एकुलता एक आधार म्हणजे तास संपल्यावर दहा मिनिटे थांबणारा शिक्षक. आणि काटकसरीने नेमकी तीच दहा मिनिटे काढून घेतली. आपल्या महाराष्ट्रात तासिका तत्त्वावर राबणाऱ्या प्राध्यापकांची स्थिती ज्याने जवळून पाहिली आहे, त्याला हे चित्र ओळखीचे वाटेल. त्या प्राध्यापकाची कीव करून थांबू नका. त्याच्या वर्गात आपलीच मुले बसलेली आहेत.

आता तिसरा प्रकार पाहा. हा सर्वांत चतुर आहे. लॉस एंजेलिसजवळ सांता मोनिका येथे एक मोठे कम्युनिटी कॉलेज आहे. २०१२ साली त्याच्या चालकांनी एक युक्ती काढली. सरकारी पैशावरचे वर्ग पुरत नाहीत ना? मग जादा वर्ग काढू, आणि त्यांचा सगळा खर्च विद्यार्थ्याकडून घेऊ: युनिटमागे सुमारे १८० डॉलर, म्हणजे नेहमीच्या दराच्या कितीतरी पट. विषय तोच, संस्था तीच, दारे मात्र दोन. चालकांचा युक्तिवाद असा होता की, पैसेवाला विद्यार्थी महाग वर्गात गेला म्हणजे स्वस्त वर्गात तेवढीच जागा मोकळी होईल. मग यात वाईट ते काय? युक्तिवाद ऐकावयास गोड आहे. पण रांगेत श्रीमंत आणि गरीब एकत्र उभे असतात, तोवरच रांग लवकर पुढे सरकावी म्हणून ओरड होते आणि ती ओरड विधिमंडळात ऐकू जाते. ज्याच्या बापाचा शब्द चालतो तो दुसऱ्या दाराने आत गेला की मागे उरलेल्यांची रांग कितीही लांबली तरी कोणाला चिंता? विद्यार्थ्यांनी हे ओळखले. ३ एप्रिल २०१२ रोजी विश्वस्तांच्या सभेच्या दारी ते जमले, तेव्हा महाविद्यालयाच्या पोलिसांनी त्यांच्या डोळ्यांत मिरीचा फवारा मारला. सुमारे तीस जणांना त्याची बाधा झाली. त्यानंतर थोड्याच दिवसांत चालकांनी ती योजना बाजूस ठेवली. अर्ज-विनंत्यांनी जे थांबले नाही ते दारात उभे राहिल्याने थांबले, ही गोष्ट नमूद करून ठेवावी.

आणि सान फ्रान्सिस्को. या शहराचे सिटी कॉलेज १९३५ साली निघाले. मंदीच्या वर्षांत इतरांनी वर्ग छाटले आणि शिल्लक राखली. या महाविद्यालयाने शक्य तोवर शिक्षक व वर्ग राखले आणि शिल्लक खर्ची घातली. शहराच्या निरनिराळ्या वस्त्यांत त्याची केंद्रे होती, आणि नव्याने आलेल्या लोकांना इंग्रजी शिकविण्याचे विनामूल्य वर्ग ही त्याची मोठी कीर्ती होती. याचे बक्षीस काय मिळाले? २०१२ च्या जुलैत मान्यता देणाऱ्या आयोगाने नोटीस दिली: मान्यता का काढून घेऊ नये याचे कारण दाखवा. आक्षेपांचा भर शिकवण्याच्या दर्जावर नव्हता, तो कारभारावर आणि पैशावर होता. खर्चाचा फार मोठा भाग पगारांत जातो, गंगाजळी अपुरी आहे, अधिकारी कमी आहेत! पुढच्या वर्षी आयोगाने मान्यता काढण्याचा निर्णय जाहीर केला, आणि लोकांनी निवडून दिलेल्या विश्वस्तांना बाजूस सारून राज्याने एका विशेष विश्वस्ताच्या हाती कारभार दिला. रोग रेड्याला आणि औषध पखालीला, अशातला हा प्रकार.

सिटी कॉलेजच्या चालकांचे काहीच चुकले नव्हते असे माझे म्हणणे नाही. गंगाजळी न राखणे ही जोखीमच होती, आणि हिशेबातील ढिलाई ही गरिबांच्या संस्थेला कधीही परवडत नाही. शत्रू नेहमी त्याच फटीतून आत शिरतो. परंतु दोषाची शिक्षा कोणास झाली? संस्था बंद पडणार अशी आवई उठताच हजारो विद्यार्थी निघून गेले, आणि काही वर्षांत पटसंख्या सुमारे एकतृतीयांशाने घटली. अनुदान पटसंख्येवर मिळते. पट घटला म्हणून अनुदान घटते, अनुदान घटले म्हणून वर्ग घटतात, वर्ग घटले म्हणून पट घटतो. या चक्रात सापडलेली संस्था मारावयास वेगळा शत्रू लागत नाही.

तरीही ते महाविद्यालय मेले नाही, कारण शहर त्याच्या पाठीशी उभे राहिले. २०१२ च्या नोव्हेंबरात तेथील मतदारांनी दर मिळकतीमागे वर्षाला ७९ डॉलरचा कर आपण होऊन स्वतःवर बसवून घेतला. दोनतृतीयांश मतांची अट होती, तिच्यापेक्षा अधिक मते पडली. शहराच्या सरकारी वकिलाने आयोगावर फिर्याद केली, आणि २०१५ साली न्यायालयाने आयोगानेच कायद्याचा भंग केल्याचे ठरविले. २०१७ च्या जानेवारीत मान्यता पुन्हा पक्की झाली. त्याआधी २०१६ च्या नोव्हेंबरात मतदारांनी आणखी एक पाऊल टाकले होते: पन्नास लाख डॉलरच्या वर ज्यांची विक्री होते त्या मिळकतींच्या हस्तांतरावरील कर त्यांनी वाढविला. त्या उत्पन्नाच्या आधारावर शहरातील रहिवाशांना २०१७ पासून या महाविद्यालयाची फी माफ झाली. १९८४ साली मोडलेले तत्त्व निदान एका शहरात तरी पुन्हा उभे राहिले. हवेली विकणाऱ्याच्या पैशावर हॉटेलातला आचारी शिकू लागला, आणि त्यामुळे हवेल्या विकल्या जाण्याचे काही थांबले नाही.

येथे टाळ्या वाजवून थांबता आले असते तर किती बरे झाले असते! परंतु २०१९ च्या नोव्हेंबरात याच महाविद्यालयाने तूट भरून काढण्यासाठी पुढील सत्राचे सुमारे तीनशे वर्ग एकाएकी रद्द केले; वृद्धांचे वर्ग त्यात मोठ्या प्रमाणावर गेले. २०२२ च्या मे महिन्यात ३८ पूर्णवेळ शिक्षकांना कामावरून कमी करण्याचा ठराव झाला. फी माफ आणि वर्ग साफ! अर्थात फीमाफीचा लढा व्यर्थ होता असे यावरून कोणी समजू नये. तो निम्मा लढा होता, आणि दुसरा निम्मा, म्हणजे पुरेसे वर्ग आणि कायम शिक्षक यांचा, अजून लढावयाचा राहिला होता.

राज्याने पुढे जी उदारता दाखविली तीही तपासून घ्यावी. २०१९ च्या कायद्याने पहिल्यांदाच प्रवेश घेणाऱ्याला दोन वर्षे फी माफ करण्याची सोय महाविद्यालयांना झाली, पण तो पूर्णवेळ विद्यार्थी असला तर. पूर्णवेळ म्हणजे सत्राला निदान बारा युनिटे. जो दिवसभर नोकरी करतो त्याच्याने बारा युनिटे होत नाहीत. आणि संध्याकाळी एक-दोन विषय घेऊन पाच-सहा वर्षांत पदविका मिळविणाऱ्या त्याच माणसासाठी तर ही संस्था होती! त्याने उत्पन्नाचा दाखला घेऊन जुन्या माफीच्या खिडकीशी जावे. शेहेचाळीस डॉलरचा दर मात्र आजही कायम आहे. २०२२ साली राज्याच्या तिजोरीत जवळजवळ शंभर अब्ज डॉलर शिल्लक पडण्याचा अंदाज होता, तेव्हाही तो उतरला नाही. अडचणीच्या वर्षी चढलेला दर सुबत्तेच्या वर्षी का उतरत नाही, हा प्रश्न काटकसरीच्या एकाही पुरस्कर्त्याला पडल्याचे दिसत नाही.

आता आपल्या दाराशी या. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१३-१४ मध्ये आपल्या देशातही कम्युनिटी कॉलेज या नावाची योजना सुरू केली. नाव तेच घेतले, पण नाव घेतल्याने पैसा येत नाही. आपल्या राज्यात कायम विनाअनुदानित हा शब्द शिक्षणाच्या पुढे लावण्याची प्रथा पडली, त्यालाही आता बरीच वर्षे झाली. शिष्यवृत्तीची रक्कम महाविद्यालयाला वेळेवर पोहोचत नाही, आणि मग कार्यालय विद्यार्थ्याची कागदपत्रे अडवून धरते, ही तक्रार आपल्या किती घरांतून येते ते आपण जाणताच. कारकुनाशी भांडून परतू नका. तो हुकमाचा ताबेदार आहे. कॅलिफोर्नियात जे घडले त्यावरून विचारावयाचे प्रश्न स्पष्ट झाले आहेत, आणि ते महाविद्यालयाच्या चालकांना व आपल्या आमदाराला लेखी विचारावयाचे आहेत: यंदा कोणत्या विषयांचे किती वर्ग बंद केले? सकाळ-संध्याकाळचे त्यांत किती होते? मंजूर जागांपैकी किती प्राध्यापक कायम आहेत आणि किती तासिका तत्त्वावर? प्रवेशासाठी येऊन परत गेलेल्यांची नावे कोणी लिहून ठेवली आहेत काय?

शेवटच्या प्रश्नाला बहुधा उत्तर मिळणार नाही. तेव्हा जून महिन्यात प्रवेश सुरू झाले म्हणजे प्रत्येक वस्तीत दोन-चार शिकलेल्या तरुणांनी एक वही घालावी. कोणत्या महाविद्यालयात कोण गेला, कोणता विषय मागितला, काय कारण सांगून त्याला परत पाठविले, आणि कोणत्या तारखेला, एवढेच तीत लिहावे. मुलींची नोंद वेगळ्या पानावर असावी, कारण एकदा परत आलेल्या मुलीला पुढच्या वर्षी पुन्हा पाठविणारी घरे थोडी असतात.